जिभेला चिकटणारा दगड

बोअरकाका दगड चाटायचे. अतिशयोक्ती नाही. जमिनीत भोक पाडणाऱ्या यंत्रातून नुकताच वर आलेला, पाण्याने निथळणारा, काकडीसारखा गोल लांबट तुकडा ते शर्टाच्या बाहीला पुसायचे, कोण बघतंय याची पर्वा न करता जीभ बाहेर काढायचे आणि कुल्फी चाटावी तसा खालून वर एकदाच चाटायचे. मग डोळे मिटून दोन क्षण थांबायचे. मग निकाल. "ताजा," म्हणाले की काम पुढे. "चिकटला," म्हणाले की यंत्र बंद, सगळ्यांनी थांबायचं आणि काका वहीत काहीतरी लिहिणार.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तोंड फिरवलं. आमच्या टेकडीवर शौचालयांची जी अवस्था आहे ती पाहता इथला दगड जिभेला लावणं हे धाडस नाही, मूर्खपणा आहे, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी माझ्याकडे न बघता उत्तर दिलं, "हा सतरा फुटांवरचा आहे. तिथवर तुमची घाण अजून पोचली नाही. पोचेल."

आमची वस्ती घाटकोपर पश्चिमेच्या एका टेकडीवर आहे. नाव सांगत नाही, कारण अशा टेकड्या मुलुंडपर्यंत रांगेने आहेत आणि नाव बदललं तरी गोष्ट बदलत नाही. आमच्या गल्लीच्या शेवटी सुलभामावशीचं घर. त्या पावसाळ्यात तिच्या मागच्या भिंतीवर टेकडी आली. टेकडी आली म्हणजे दोन ट्रक भरतील एवढा दगड-चिखल सरकला, भिंत आत पडली आणि भाकरी थापत बसलेल्या मावशीचा पाय मोडला. कोणी मेलं नाही, म्हणून बातमी झाली नाही. आमची मागणी साधी होती: घरांच्या मागे संरक्षक भिंत आणि टेकडीच्या वरच्या अंगाला पाणी वळवणारं गटार. सरकारी कार्यालय म्हणालं, आधी जमिनीची तपासणी. मी म्हटलं, तपासा. मावशीने खाट पुढच्या खोलीत दाराशी ओढली आणि तिथेच झोपू लागली. पुढच्या पावसाआधी भिंत होणार की नाही, एवढाच प्रश्न होता. मी जे काही सांगतेय ते त्याच प्रश्नाभोवतीचं आहे.

तपासणी म्हणजे तीन पायांचं लोखंडी तिकाटणं, डिझेलचं इंजिन, चार माणसं आणि त्यांचे म्होरके बोअरकाका. इमारत असो, पूल असो, पाण्याची मोठी पाइपलाइन असो, पाया घालण्याआधी खाली काय आहे ते बघावं लागतं. त्यासाठी जमिनीत पोकळ नळी फिरवत उतरवायची आणि नळीत अडकून येणारा दगड वर काढायचा. काकांनी आयुष्यभर हेच केलं. सांताक्रूझ, साकीनाका, मालाड, मुलुंड, उपनगरात कुठेही मोठी इमारत दिसली की ते इमारतीकडे बघत नसत, खाली बघत. "ह्याच्या पायाखाली बत्तीस फुटांवर राखेचा दगड आहे," असं काहीतरी सांगत. त्याआधी ते काय करत होते ते मला अर्धवटच कळलं. कुडाळकडचं गाव, मग मुंबईत कुठल्याशा खाणीत काही वर्षं. किती, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही.

मी तेव्हा पत्रकं वाटत फिरत होते. माझं सगळं शिक्षण पत्रकातच झालंय. कॉलेजात वर्ग भरायचे तेव्हा मी गेटवर असायचे. एक पत्रक काकांना दिलं. त्यांनी ते घेतलं, दुमडलं आणि त्याने हातातला दगड पुसला. मी भडकले. "काका, ते वाचायला दिलंय!"

"वाचतो ना. आधी दगड, मग पत्रक." मग खरंच चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाले, "काय गो, ह्यात उद्गारचिन्हं किती घातलीस? तुका कोणी धरून मारीत होता काय?"

त्या दिवसापासून मी 'पत्रकवाली'. माझं नाव त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही. माहीत होतं की नाही, देव जाणे, आणि देवावर माझा विश्वास नाही.

त्यांची दुसरी खोड लाकडाची. वर आलेले दगडाचे तुकडे एका लांबट, खणांच्या पेटीत ओळीने मांडायचे असतात, वरचा आधी, खालचा नंतर, म्हणजे पेटी बघून जमिनीचा छेद कळतो. पण सगळा दगड वर येत नाही. यंत्र फिरताना नळीत पाणी सोडलेलं असतं, आणि खाली मऊ थर लागला तर तो त्या पाण्याबरोबर वाहून जातो. वर येतो नुसता लाल गढूळ रस्सा. मग पेटीत त्या जागी काय ठेवायचं? काका तिथे लाकडाचा ठोकळा ठेवायचे. जेवढा दगड हरवला तेवढ्याच मापाचा. घरून करवतीने कापून आणलेले ठोकळ्यांचे तुकडे त्यांच्या पिशवीत असायचेच. वर लाल रंगाने किती फुटांपासून किती फुटांपर्यंत ते लिहायचे.

"लोक काय करतात माहितीये?" ते म्हणाले. "वरचा तुकडा नि खालचा तुकडा जवळ सरकवतात. झकास दिसतं. अखंड पाषाण. फोटो काढा, पाठवून द्या." मग ठोकळ्यावर बोट आपटून, "जे मिळालं नाही तेच बघायचं असतं. मिळालेला दगड कोणालाही दिसतो."

आमच्या टेकडीच्या तीन भोकांपैकी दोन भोकांत, अठरा फुटांच्या आसपास, त्यांनी लाकूड ठेवलं. वीतभर.

चार महिन्यांनी अहवाल आला. टेकडी अखंड काळ्या पाषाणाची असून संरक्षक भिंतीची तातडीची आवश्यकता दिसून येत नाही. शेवटच्या पानावर पेट्यांचे फोटो. मी भिंग लावून बघितलं. काळा दगड, काळा दगड, काळा दगड. लाकूड नव्हतं.

मी फोटो घेऊन नाहूरला त्यांच्या घरी गेले. तळमजल्यावरची एक खोली नि स्वयंपाकघर. काका तोवर निवृत्त झाले होते. खिडकीच्या कठड्यावर दगडाचे गोल तुकडे ओळीने उभे, प्रत्येकावर ऑइलपेंटने गाव आणि खोली. 'मालाड, २२ फूट' पिवळट. 'साकीनाका, ४०' हिरवट काळा. एक दार अडवायला. आणि 'अंधेरी, ५५' स्वयंपाकघरात. काकी त्याने लसूण ठेचत होत्या.

"जुना वरवंटा देऊन टाकल्यानी त्यांनी भंगारात," काकी म्हणाल्या. "म्हणे हा चांगला. लग्नात माका सोन्याची माळ देईन म्हणालेले, दिले दगड."

"लसूण बारीक होतो की नाही?" काकांनी विचारलं.

"होता. तोच तर राग."

काकांनी फोटो बघितले. बराच वेळ बघितले. ते ओरडतील असं मला वाटलं होतं, पण ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. "मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाय," ते म्हणाले. "टेम्पोत पेटी हलली असेल. कोणीतरी तुकडे नीट लावले असतील. ऑफिसात बसणाऱ्याला वाटतं, हे लाकूड काय कचरा." मग फोटो परत देत, "पण लाकूड उचलून फेकलं ते कोणाच्या तरी हाताने."

मी विचारलं, त्या अठरा फुटांवर असं होतं तरी काय? त्यावर त्यांनी जे सांगितलं त्याने माझी पुढची चूक घडली, म्हणून ते नीट सांगते.

हा सगळा डोंगर, ते म्हणाले, ज्वालामुखीचा. नुसता हा नाही, आख्खी मुंबई आणि थेट तुझ्या बापाच्या मराठवाड्यापर्यंत. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा. मी म्हटलं, म्हणजे खाली लाव्हा आहे? ते वैतागले. "खाली तळं नाय भरलेलं. सगळ्यांना तसंच वाटतं. खाली दगडच आहे, तापलेला, पण वरच्या ओझ्याने दाबून धरलेला. तो हळूहळू वर सरकतो. वर आला की ओझं कमी होतं. ओझं कमी झालं की वितळतो. उष्णता वाढून नाय, दाब सुटून." हे त्यांना मालाडच्या एका साइटवर भूगर्भशास्त्राच्या कोणी मॅडमनी डबा खाताना समजावलं होतं. "वितळला की हलका होतो, आणि हलकं झालेलं वर येणारच. त्यात वायू विरघळलेला असतो, वाफ असते. सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यावर काय होतं?"

मग फुटतो कसा, यावर काकांनी काकींना विचारलं, "आज काय केलंस?" काकी म्हणाल्या, पिठलं. "आणि काल?" कढी. काका मला म्हणाले, "झालं. कढी पातळ. वाफ सहज निघून जाते, कढी नुसती उतू जाते, ओट्यावर पसरते. पिठलं घट्ट. वाफ आत कोंडते, मग फट्. भिंतीवर शिंतोडे. दगडाचा रस पातळ असेल तर पुरासारखा वाहतो. घट्ट असेल तर वाफ त्याचा भुगा करून आकाशात उडवते, त्याला आपण राख म्हणतो. चुलीतली राख नाय ती, दगडाचं पीठ. आपल्याकडे बहुतेक कढी. पण ह्या मुंबईच्या बाजूला पिठलंही झालंय. म्हणून तर राखेचा दगड."

काकी आतून म्हणाल्या, "माझा पिठला कधी भिंतीवर उडालेला नाय हां."

कठड्यावरचा एक तुकडा त्यांनी माझ्या हातात दिला. काळा, आणि त्यात बारीक बारीक भोकं, काही भोकांत पांढरे खडे. "ही वाफेच्या बुडबुड्यांची घरं. वाफ गेली, घर राहिलं. मग पाणी झिरपलं नि त्या घरात खडे जमले." आणि तो रस आला तो काही शिखराला भोक पडून नाही. जमीनच लांबलचक भेगांनी उसवली, शिवण उसवावी तशी, आणि त्या भेगांतून वाहिला. एक थर पसरला, थंड झाला. मग शेकडो, कधी हजारो वर्षं काहीच नाही. त्या थराचा वरचा भाग ऊन-पावसाने कुजला, त्यावर राख बसली, माती झाली. मग पुन्हा भेग, पुन्हा रस, त्या मातीवरून. खालची माती भाजून निघाली, विटेसारखी लाल. "तो लाल थर म्हणजे अठरा फूट. वर काळा दगड, खाली काळा दगड, मध्ये ही लाल चकती. वरच्या दगडाला तडे असतात. पाणी तड्यांतून उतरतं, लाल मातीवर अडतं, माती फुगते, साबणासारखी होते. मग वरचा दगड कुठे जाणार? सुलभाबाईंच्या भाकरीवर."

मग ते जे म्हणाले ते वाक्य मला पाठ आहे. "ज्वालामुखी फुटला त्याने आज कोणाचं घर पडत नाय. तो मध्ये गप्प बसला होता, त्याने पडतं."

मी हे सगळं ऐकलं आणि घरी जाऊन त्यातला एकच शब्द छापला. पिवळा कागद, मोठा ठसा: 'आपण ज्वालामुखीवर राहतो!!!' खाली मोबाइलवरून उतरवलेलं चित्र. निमुळता डोंगर, शिखरावर तोंड, त्यातून आगीचे लोळ. लाल थर, गटार, भिंत हे सगळं मागच्या बाजूला, बारीक अक्षरात. एका दुपारी मी ते हजारभर वाटलं आणि स्वतःवर खूश होऊन झोपले.

वाट लागली. आमच्या गल्लीतली दोन कुटुंबं सामान बांधू लागली. एक दलाल दारोदार फिरू लागला, "ताईंनी स्वतः लिहिलंय, ज्वालामुखी आहे, मिळेल त्या भावात काढून टाका." सुलभामावशीने मला बोलावून विचारलं, "म्हणजे आता खालून पण येणार काय गं? मी खाट नेऊ कुठे?" आणि कार्यालयातल्या मोठ्या साहेबांनी आमच्या अर्जावर शेरा मारला: दावा वैज्ञानिकदृष्ट्या निराधार, प्रकरण बंद. साहेब चुकीचे नव्हते. मी जो दावा मोठ्या ठशात केला होता तो निराधारच होता. खरा दावा मीच मागच्या पानावर पुरला होता. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या खोटेपणावर पत्रकं काढली. हे खोटं माझं होतं.

काकांना पत्रक पाठवलं नव्हतं. कोणीतरी दाखवलं. ते स्वतः आले, टेकडी चढून, दर वीस पायऱ्यांना बसत. पोचल्यावर बराच वेळ त्यांना बोलताच येईना, फक्त छातीतून शिट्टीसारखा आवाज. मग पत्रक माझ्यासमोर धरून ते पूर्ण मालवणीत उतरले, तेव्हाच मला कळलं की आता खैर नाही.

"ह्या चित्राक तोंड कोणी दिल्यान? आपल्या डोंगराक तोंड खंय होता गो? सांग, खंय होता?"

"काका, लोकांचं लक्ष वेधायला..."

"माझ्या पेटीतला लाकूड त्यांनी काढल्यानी. तू काय केलंस? तू लाकडाच्या जागी चित्र ठेवलंस. त्यांच्यात नि तुझ्यात काय फरक?"

मला आतापर्यंत अनेकांनी शिव्या दिल्यात. पोलिसांनी, नगरसेवकांच्या माणसांनी, माझ्या सख्ख्या मामाने. त्यातलं एकही वाक्य मला लागलं नाही. हे लागलं. मी तांब्या पुढे केला. ते पाणी प्यायले, सुलभामावशीच्या घरी जाऊन मागची भिंत बघून आले आणि उतरताना म्हणाले, "आता सुनावणी कधी मागशील? माका ने."

प्रकरण पुन्हा उघडायला मला सात खेपा पडल्या. सुनावणीला कार्यालयात आम्ही तिघं: मी, कुबडी घेतलेली सुलभामावशी आणि इस्त्रीचा शर्ट घातलेले काका. मोठे साहेब मला बघून हसले. "या या. काय म्हणतोय तुमचा ज्वालामुखी? आज सुट्टीवर?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात काका म्हणाले, "तेच सांगायला आलोय साहेब. तो सुट्टीवर गेला होता. मध्ये मध्ये जायचा. त्या सुट्टीत जे साचलं, ते हे."

त्यांनी खिशातून चुन्याची डबी काढली. डबीत सुपारीएवढा लाल खडा. आमच्या टेकडीच्या दुसऱ्या भोकातून नळी वर काढली तेव्हा तिच्या तोंडाशी एवढाच अडकून आला होता, बाकी वाहून गेला. त्यांनी तो जपला होता. शेजारी काळ्या दगडाची एक कपची ठेवली. "जीभ लावून बघा साहेब. काळा सरकेल. लाल धरून ठेवेल. जो पाणी ओढतो, तो जीभ ओढतो."

साहेब म्हणाले, "अहो आजोबा, हे कार्यालय आहे."

शेजारच्या टेबलावर एक नवीन लागलेल्या कनिष्ठ अभियंता मॅडम बसल्या होत्या, माझ्याच वयाच्या. आधीच्या एका पत्रकात मी या खात्यातल्या सगळ्यांना सरसकट खुर्चीला चिकटलेले म्हटलं होतं, त्यात त्याही आल्या. त्या उठल्या, रुमालाने काळी कपची पुसली, चाटली, ठेवली. मग लाल खडा पुसून जिभेला लावला. आणि हात सोडला. खडा पडला नाही. दोन क्षण त्या जीभ बाहेर काढून, जिभेवर आमची टेकडी घेऊन साहेबांकडे बघत उभ्या राहिल्या.

"मॅडम, अहो इन्फेक्शन होईल!"

त्यांनी खडा काढला, तोंड पुसलं. "सर, लॅबला पाठवला असता तर आठवडा गेला असता. हा चिकणमातीचाच थर आहे. आणि सर, जुन्या अहवालात अठरा फुटांवर दगड किती मिळाला त्याचा आकडाच नाहीये. मी सकाळीच बघितलं."

साहेब हसायचे थांबले. सुलभामावशीने विचारलं, "म्हणजे भिंत होणार का?" साहेब म्हणाले, "एक भोक. आधी एकच भोक पुन्हा पाडू. त्यात लाल निघाला तर बघू." बाहेर आल्यावर काका जिन्यावर बसले. तिथून उठायला त्यांना पाऊण तास लागला.

काकांच्या छातीतली ती शिट्टी खाणीची होती. तरुणपणी, नाहूरला राहायला येण्याआधी, ते कोरडं ड्रिल चालवायचे. पाणी सोडलं की धूळ बसते, पण पाण्याला वेळ लागतो, म्हणून कोरडं. तोंडाला रुमाल हीच सगळी सुरक्षा. दगडाचं पीठ, ज्याला ते स्वतः राख म्हणायचे तसलंच, छातीत थरावर थर बसत गेलं. मी विचारलं, तक्रार केली नाही? "कोणाकडे? दगडाकडे?" मी म्हटलं, आपण अजूनही लढू, नुकसानभरपाई, कायदा आहे. ते म्हणाले, "तू आधी एक भिंत बांध. एका वेळी एक भोक पाडतात."

मला अजून राग आहे. त्या खाणीचं नावसुद्धा आता कोणाला आठवत नाही, तिथे आज लोक स्विमिंग पूलवाल्या सोसायटीत राहतात. पण त्या रागाचं पत्रक मी काढलं नाही, कारण त्यांनी काढू दिलं नाही.

नवं भोक पाडायची तारीख आली तेव्हा काका इस्पितळात होते. यंत्रावर नवी माणसं. लाल थर पुन्हा वाहून गेला असता तर पुन्हा रस्सा, पुन्हा अखंड पाषाण, आणि पावसाला सहा आठवडे. काकांनी मास्क बाजूला करकरून मला सूचना सांगितल्या, मी त्या लिहून घेतल्या, छापल्या आणि यंत्राच्या तिकाटण्यावर चिकटवल्या. माझं आजवरचं सर्वांत लहान पत्रक: 'सोळा फुटांनंतर पाणी कमी. दाब कमी. एका वेळी फूटभरच. नळी काढताना आपटू नये. जे मिळणार नाही तिथे लाकूड.' उद्गारचिन्ह एकही नाही. ठोकळाही मी सोबत नेला होता, काकींनी त्यांच्या पिशवीतून काढून दिलेला.

पुढचं थोडक्यात. भिंत झाली, पावसाच्या चार दिवस आधी. वरचं गटार अर्धं झालं, उरलेल्यासाठी मी आजही खेपा घालतेय. भिंतीत पाणी निघायला पाइप ठेवलेत, त्यातून लालसर पाणी ठिबकतं. सुलभामावशीने खाट मागच्या खोलीत नेली. नव्या अहवालावर चार सह्या आहेत, काकांचं नाव कुठेही नाही. भिंत होताना बघायला ते नव्हते. मी आता पत्रक लिहिते तेव्हा जे माहीत नाही तिथे 'माहीत नाही' असं छापते. माझ्याबरोबर पत्रकं वाटणारी पोरं चिडतात, म्हणतात ताई, असं कोणी लिहितं का, यार. मी म्हणते, लिहितात.

पण मला सांगायचीय ती नव्या भोकाच्या दिवसाची दुपार. भोक अठरा फुटांवर गेलं, नळी वर आली, तिच्यातला तुकडा पेटीत मांडला आणि अभियंता मॅडमनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या परवानगीने त्यातला एक तुकडा कोरड्या फडक्यात गुंडाळून मी रिक्षाने इस्पितळात गेले. काकी पलंगाशी बसल्या होत्या. काकांच्या तोंडावर मास्क, ओठ कोरडे, फुटलेले. मी फडकं उघडलं. त्यांनी मास्क सरकवला, जीभ बाहेर काढली, मी तुकडा जिभेला लावला. ते थांबले. डोळे मिटले. मग मान हलवली.

"कळत नाय," ते म्हणाले. "सुकलीय जीभ. सगळाच चिकटतोय."

मी तुकडा परत फडक्यावर ठेवला. इतके महिने त्यांच्याबरोबर काढूनही मी एकदाही दगड चाटला नव्हता. मला किळस येते, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी कधी आग्रह केला नाही.

"तू बघ," ते म्हणाले.

मी तो तुकडा बाहीला पुसला आणि चाटला. खालून वर, एकदाच. मातीच्या नव्या मडक्याची चव. मग जीभ मागे घेताना तिला कोणीतरी हलकेच धरून ठेवल्यासारखं झालं.

"चिकटला," मी म्हटलं.

"किती आला?"

"वीतभर. अख्खा."

"वाहून नाय गेला?"

"नाही. पेटीत मांडलाय. वर काळा, खाली काळा, मध्ये हा."

काकांनी मास्क पुन्हा नाकावर घेतला. मला वाटलं झोपले. काकींनी पांघरूण सारखं केलं. मग मास्कच्या आतून आवाज आला.

"मगे पेटीतला लाकूड काढ."

तो ठोकळा माझ्या पिशवीतच होता. तो वापरावाच लागला नव्हता.